बंद पडलेला सीएफएल उघडण्याची, समजून घेण्याची आणि पुन्हा पेटवण्याची पद्धत

सीएफएल, म्हणजे बल्बच्या होल्डरमध्ये लागणारा वाकवलेल्या नळीचा छोटा दिवा, बंद पडला की तो पुरता गेला असे समजून आपण तो टाकून देतो. वास्तविक त्या एका दिव्यात दोन वेगवेगळ्या वस्तू एकत्र बसवलेल्या असतात: वर काचेची नळी आणि खाली, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोपणात, नळीतला प्रवाह आवरणारा इलेक्ट्रॉनिक चोक. या दोघांचे आयुष्य सारखे नसते. बहुतेक वेळा एक भाग संपलेला असतो आणि दुसरा अजून धडधाकट असतो. नेमके काय गेले आहे हे ओळखता आले, तर दोन बंद दिव्यांतून एक चालू दिवा उभा राहतो आणि पारा असलेली नळी वेळेआधी कचऱ्यात जात नाही.

मी हे काम बरीच वर्षे हौसेने करत आलो आहे. रचनेमागचे कारण कळल्याशिवाय दुरुस्तीत हात बसत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर काय करायचे याबरोबरच तो भाग दिव्यात का आला, हेही सांगितले आहे. वाचकाला सोल्डरिंग करता येते आणि मल्टिमीटर वापरता येतो, असे येथे गृहीत धरले आहे. घरातल्या २३० व्होल्ट विजेवर ज्यांनी कधीच काम केलेले नाही, त्यांनी पहिले एक-दोन दिवे जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच उघडावेत, कारण या चोकमध्ये सुमारे ३२५ व्होल्टची एकदिश वीज असते आणि ती साध्या झटक्यापेक्षा घातक ठरू शकते.

उघडण्यापूर्वीची तपासणी

दोष दिव्यातच आहे याची आधी खात्री करून घ्यावी. आपल्याकडच्या पिनच्या होल्डरमधील स्प्रिंग कालांतराने सैल पडते, पितळी टोके काळवंडतात आणि दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही. तोच दिवा दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या होल्डरमध्ये लावून पाहिला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरी एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे बटण बंद केल्यावरही रात्री दिवा थांबून थांबून चमकतो. यात दिव्याचा काहीच दोष नसतो. बटणात लाल इंडिकेटर असेल, तर त्याच्यातून अगदी थोडा प्रवाह सतत वाहतो, चोकमधला मोठा कंडेन्सर त्यावर हळूहळू भरतो आणि पुरेसा भरला की एका क्षणासाठी नळी पेटवून रिकामा होतो. बटणातला इंडिकेटर काढला किंवा साधे बटण बसवले की हे थांबते. ते तसेच चालू ठेवू नये, कारण प्रत्येक चमक म्हणजे नळीच्या दृष्टीने दिवा एकदा सुरू होणे असते आणि नळी झिजते ती मुख्यतः सुरू होतानाच.

त्यानंतर नळीची दोन्ही टोके, म्हणजे ती प्लॅस्टिकमध्ये शिरते ती जागा, उजेडात नीट पाहावी. तिथे गडद काळा पट्टा असेल आणि दिवा जुना असेल, तर नळी संपली असण्याची शक्यता मोठी आहे. टोके स्वच्छ पांढरी असतील, तर दोष बहुधा चोकमध्ये सापडतो. दिवा लावल्यावर फक्त टोके केशरी तापतात आणि मधली नळी पेटत नाही, हे लक्षण वेगळे आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. दिवा लागल्यावर पहिले मिनिटभर मंद असतो व मग उजळतो, हे तर लक्षणच नव्हे. काही दिव्यांची घडणच तशी असते.

टोपण उघडणे

दिवा होल्डरमधून काढून किमान दहा मिनिटे थंड होऊ द्यावा. टेबलावर वर्तमानपत्राची जाड घडी पसरावी, खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे घालावेत. दिवा कधीही काचेला धरू नये. आयुष्यभर सुरळीत चाललेला दिवा उघडताना फुटतो, तो बहुतेक वेळा नळी धरून पिळल्यामुळेच.

प्लॅस्टिकचे टोपण दोन भागांचे असते. वरच्या भागात नळी चिकटवलेली असते आणि खालच्या भागात पिनची पितळी टोपी असते. दोघांच्या सांध्यावर एक बारीक फट गोल फिरलेली दिसते. आतून हे भाग तीन-चार खाचांत अडकवलेले असतात. चपटा स्क्रूड्रायव्हर त्या फटीत घालून थोडासा पिळावा, खाच सुटल्याचा आवाज आला की पुढच्या खाचेकडे सरकावे. एकाच जागी जोर लावला तर प्लॅस्टिक तडकते आणि मग ते पुन्हा नीट बसत नाही. भाग सुटले तरी ओढून वेगळे करू नयेत, कारण टोपीपासून चोकचे भाग बसवलेल्या पट्टीपर्यंत दोन वायरी गेलेल्या असतात.

आता सर्वांत महत्त्वाची कृती. पट्टीवर उभा असलेला काळा किंवा निळा मोठा नळकांडीसारखा कंडेन्सर शोधावा. त्यावर बहुधा ४.७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट असे लिहिलेले असते. मोठ्या वॅटच्या दिव्यात आकडा वाढतो. दिवा बंद असला तरी हा कंडेन्सर भरलेला असू शकतो. दहा किलोओहमचा, दोन वॅटचा किंवा त्याहून मोठा रेझिस्टर घेऊन त्याच्या वायरींवर इन्सुलेशन चढवावे, त्याची दोन टोके कंडेन्सरच्या दोन पायांवर काही सेकंद धरावीत आणि नंतर मीटरने व्होल्टेज शून्यावर आल्याचे पाहावे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची सवय दुकानांत दिसते. ती लावून घेऊ नये.

नळी कशी तपासावी आणि ती अशी का घडवली

पट्टीच्या कडेला चार छोट्या खुंट्या दिसतील आणि त्यांच्याभोवती नळीच्या चार वायरी गुंडाळलेल्या असतील. एका टोकाच्या दोन वायरींत एक फिलामेंट आणि दुसऱ्या टोकाच्या दोन वायरींत दुसरे. कोणती वायर कोणत्या खुंटीवर होती, याचे चित्र काढून ठेवावे आणि मगच वायरी उलगडाव्यात. मीटर ओहमवर ठेवून दोन्ही जोड्या मोजाव्यात. चांगले फिलामेंट काही ओहम दाखवते. एक जरी तुटलेले निघाले तरी नळी संपली. दोन्ही जुळलेली असली, पण टोके गडद काळी असली, तरीही तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

याचे कारण फिलामेंटच्या घडणीत आहे. टंगस्टनच्या त्या गुंडाळीवर बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. लेप तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. दिवा थंड अवस्थेतून पेटतो तेव्हा त्या लेपाचे कण उडतात आणि आसपासच्या काचेवर बसतात. काळा पट्टा तो हाच. लेप सरला की नळीचे आयुष्य सरले, मग बाकी सगळे शाबूत असले तरी उपयोग नाही. म्हणूनच सीएफएल संडास-बाथरूममध्ये, जिथे दिवसात वीस वेळा बटण दाबले जाते, तिथे लावणे चुकीचे होते, आणि आपल्याकडे तो अनेकांनी नेमका तिथेच लावला.

नळीच्या आत अगदी कमी दाबाचा आरगॉन वायू आणि काही मिलिग्रॅम पारा असतो. विजेचा प्रवाह पाऱ्याच्या वाफेतून जातो तेव्हा मुख्यतः २५४ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण निर्माण होतात, जे डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून दिलेला पांढरा लेप, म्हणजे फॉस्फर, ते किरण शोषतो आणि दिसणारा प्रकाश देतो. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट मिळवले, परंतु त्या दिव्याला फॉस्फर नव्हता आणि त्याच्या हिरवट-निळ्या उजेडात माणसाचा चेहरा प्रेतासारखा दिसे. फॉस्फरचा लेप दिलेली, घरात लावता येईल अशी नळी जॉर्ज इनमन यांच्या गटाने अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये सिद्ध केली आणि १९३८ मध्ये ती बाजारात आली. आपली ट्यूबलाइट त्याच कुळातली.

मग ट्यूब वाकवून बल्बच्या आकाराची करायला आणखी चार दशके का लागली, हा प्रश्न नळी हातात घेतल्यावर पडलाच पाहिजे. त्याचे उत्तर पांढऱ्या लेपात आहे. जुनी जाड ट्यूब ३८ मिलिमीटर व्यासाची आणि चार फूट लांबीची होती, त्यामुळे तिच्या काचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अतिनील किरणांचा भार कमी पडत असे. तेवढाच प्रकाश मुठीएवढ्या जागेत हवा असेल, तर नळी बोटाएवढी बारीक करून दुमडावी लागते आणि तोच भार थोड्या पृष्ठभागावर कित्येक पटींनी वाढतो. ब्रिटनमध्ये १९४२ साली मॅककीग आणि रॅनबी यांनी शोधलेला हॅलोफॉस्फेट नावाचा फॉस्फर ट्यूबलाइटसाठी उत्तम होता, परंतु बारीक नळीतल्या भाराखाली तो लवकर निस्तेज होई. १९७०च्या दशकात फिलिप्सच्या संशोधकांनी दुर्मीळ मृदा धातूंवर आधारलेले तीन फॉस्फर एकत्र केले: तांबड्यासाठी युरोपियम मिसळलेले यिट्रियम ऑक्साइड, हिरव्यासाठी टर्बियम असलेले मिश्रण आणि निळ्यासाठी पुन्हा युरोपियमचे. हे तीन रंग मिळून पांढरा प्रकाश होतो, तो वस्तूंचे रंग बऱ्यापैकी खरे दाखवतो, आणि मुख्य म्हणजे हा लेप बारीक नळीत टिकतो. माझ्या मते सीएफएलचा खरा जन्म या लेपात झाला. आकार नंतर आला.

आकाराची कथाही नळी तपासणाऱ्याला ठाऊक असावी. १९७३च्या तेलसंकटानंतर जनरल इलेक्ट्रिकच्या क्लीव्हलंडजवळच्या नेला पार्क येथे एडवर्ड हॅमर यांनी १९७६ मध्ये नळीला स्प्रिंगसारखा पीळ दिला. शेजारशेजारच्या उभ्या नळ्या एकमेकींचा प्रकाश अडवतात आणि पिळात हे नुकसान कमी होते, हा त्यामागचा विचार होता. मात्र पिळाच्या नळीत आतून लेप सारखा बसवणे आणि ती यंत्रावर एकसारखी वळवणे त्या काळी फार अवघड होते. नवे कारखाने उभारायला सुमारे अडीच कोटी डॉलर लागतील असा अंदाज निघाला आणि कंपनीने तो दिवा बाजूला ठेवला. पिळाचे दिवे बाजारात आले ते १९९५ मध्ये, चीनमधील शांघायच्या कारखान्यातून. दरम्यान सरळ नळ्या जोडून केलेले दिवे पुढे गेले होते. म्हणून तुमच्या हातात दोन किंवा तीन ‘यू’ आकाराच्या नळ्यांचा दिवा असेल, तर तो पिळाच्या दिव्यापेक्षा जुन्या घराण्यातला आहे. त्याच्या नळ्या एकमेकींना जिथे छोट्या पुलाने जोडल्या आहेत, ती जागा सर्वांत नाजूक असते आणि उघडताना तिथेच तडा जातो.

एक गोष्ट आवर्जून पाहावी. नळीच्या एका टोकाला काचेची बारीक शेपटी असते, जिच्यातून कारखान्यात हवा काढून घेतली जाते. काही दिव्यांत त्या शेपटीत राखाडी रंगाचा एक छोटा मणी दिसतो. हा पाऱ्याचा आणि इतर धातूंचा संमिश्र मणी होय. साधा पारा नळीच्या सर्वांत थंड जागेचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास असताना उत्तम काम करतो. बंद झुंबरात किंवा उलट्या टांगलेल्या दिव्यात नळी त्याहून बरीच तापते, वाफेचा दाब वाढतो आणि प्रकाश उतरतो. संमिश्र मण्यामुळे हा दाब मोठ्या तापमान-पट्ट्यात ताब्यात राहतो, पण मणी तापेपर्यंत पुरेशी वाफ सुटत नाही, म्हणून असा दिवा सुरुवातीला मंद दिसतो. मणी दिसला, तर मंद सुरुवातीची तक्रार दुरुस्तीच्या यादीतून खुशाल वगळावी.

चोकची पट्टी वाचणे

वायूच्या नळीचा एक विचित्र गुण आहे. तिच्यातून प्रवाह वाढला की तिचा रोध कमी होतो, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो आणि आवरले नाही तर क्षणात नळी नष्ट होते. प्रवाहाला लगाम घालणारा भाग म्हणजे चोक. फिलिप्सने १९८० मध्ये आणलेला एसएल हा होल्डरमध्ये थेट लावता येणारा पहिला यशस्वी सीएफएल होता. त्यात लोखंडी चोक आणि स्टार्टर आतच बसवलेले होते, म्हणून तो मुरांब्याच्या बरणीसारखा दिसे आणि वजनाला अर्धा किलोच्या आसपास भरे. १९८५ मध्ये जर्मनीच्या ऑसरामने लोखंडाऐवजी इलेक्ट्रॉनिक चोक घातला आणि दिवा हलका झाला. तुमच्यासमोरची पट्टी त्याच दिव्याची वंशज आहे.

पट्टीवर वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासणी करावी. टोपीकडून येणारी वायर आधी एका फ्यूजला किंवा काही ओहमच्या छोट्या रेझिस्टरला भेटते. हा रेझिस्टर जळण्यासाठीच ठेवलेला असतो, म्हणून तो उघडा निघाला तर समाधान मानून नुसता तो बदलू नये. त्याला कोणी जाळले हे पुढे शोधावे. त्यानंतर चार डायोड, बहुधा १एन४००७, एसीची एकदिश वीज करतात आणि मोठा कंडेन्सर ती ३२५ व्होल्टच्या आसपास साठवतो. डायोड मीटरच्या डायोड खुणेवर दोन्ही दिशांनी मोजावेत. कंडेन्सरचे डोके फुगलेले असेल किंवा बुडाशी ओल दिसत असेल तर तो गेलाच. तो कमकुवत झाला की दिवा थरथरतो आणि उजेड उतरतो.

पुढे दोन ट्रान्झिस्टर दिसतात. लहान दिव्यांत १३००१ आणि मोठ्यांत १३००३ या क्रमांकांचे असतात. त्यांच्याजवळ तीन वेढ्यांचे छोटे गोल कडे, म्हणजे टोरॉइड, असते. सुरुवातीला डीबी३ नावाचा डायक, म्हणजे ठरावीक व्होल्टेजलाच वाट मोकळी करणारा छोटा भाग, सुमारे ३२ व्होल्टला उघडून एका ट्रान्झिस्टरला धक्का देतो. मग टोरॉइडमुळे दोन्ही ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होऊ लागतात, सेकंदाला काही दहा हजार वेळा. या वेगाचे दोन लाभ आहेत. चोक लोखंडाच्या गठ्ठ्याऐवजी फेराइटच्या लहान तुकड्यावर भागते. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवर नळी सेकंदाला शंभर वेळा विझू पाहते, तर इथे वायूला विझायला वेळच मिळत नाही आणि तेवढ्याच विजेत सुमारे दहा टक्के अधिक प्रकाश मिळतो.

ट्रान्झिस्टर मोजताना एक जरी शॉर्ट निघाला तरी दोन्ही बदलावेत. एक जातो तेव्हा दुसऱ्यालाही मार बसलेला असतो, आणि जुना व नवा असे मिश्रण मला कधीच फार दिवस चाललेले आठवत नाही. त्यांच्या पायाशी असलेले छोटे रेझिस्टरही काढून मोजावेत, कारण शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर बहुधा त्यांना बरोबर घेऊन जातो. येथे नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात: १३००३ या एकाच क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचा क्रम सर्व कारखान्यांत सारखा नसतो. जुन्याच्या जागी नवा तसाच खोचला की दिवा लावताक्षणी तो जळतो. म्हणून प्रत्येक नव्या ट्रान्झिस्टरचे पाय मीटरने ओळखून घ्यावेत. डायक मीटरवर तपासता येत नाही; चांगला डायक दोन्ही दिशांनी उघडाच दिसतो, त्यामुळे शॉर्ट दिसला तरच तो खराब म्हणावा, आणि शंका असली तर सरळ नवा घालावा, कारण त्याची किंमत नगण्य आहे.

शेवटी नळीच्या समांतर जोडलेला, हिरवट किंवा तपकिरी रंगाचा चपटा कंडेन्सर राहतो. याच्यामुळे सुरुवातीला दोन्ही फिलामेंटमधून प्रवाह जातो आणि नळीवर तिला पेटवण्याइतके उंच व्होल्टेज येते. तो शॉर्ट झाला की प्रवाह फिलामेंटमधूनच फिरत राहतो. आधी सांगितलेली केशरी टोके याचीच खूण. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टेजचा कंडेन्सर घालावा. कमी व्होल्टेजचा मिळाला म्हणून घातला तर आठवडाभरात तेच काम पुन्हा करावे लागते.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांत मिळतात. मोठा कंडेन्सर घेताना त्यावर १०५ अंश लिहिलेले पाहून घ्यावा. ८५ अंशांचा स्वस्त पडतो, पण टोपणातल्या उष्णतेत लवकर सुकतो.

चाचणी आणि जोडणी

दुरुस्त केलेला दिवा थेट विजेवर लावू नये. लाकडी फळीवर दोन होल्डर सिरीजमध्ये जोडून एकात साठाचा किंवा शंभराचा जुना पिवळा बल्ब लावावा आणि दुसऱ्यात आपला सीएफएल. दिवा लावताना पट्टी टोपणात ठेवून टोपण बंद केलेले असावे, जेणेकरून बोट आत जाणार नाही. पिवळा बल्ब भगभगीत पेटला, तर पट्टीत अजून कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बने प्रवाह अडवल्यामुळे नवे ट्रान्झिस्टर बहुधा वाचतात. तो जवळजवळ अंधारात राहून सीएफएल पेटला, तर काम झाले. त्यानंतर दिवा थेट होल्डरमध्ये लावून समोर बसून अर्धा तास पाहावा. जळका वास, गुणगुण किंवा टोपणाचा चटका यांपैकी काहीही जाणवले तर बंद करावा.

नळी एका दिव्याची आणि चोक दुसऱ्याचा असे जोडताना दोघांचे वॅट सारखे असावेत. अकराच्या चोकवर वीसची नळी मंद पेटते, आणि वीसच्या चोकवर अकराची नळी झगमगून लवकर मरते. चांगला चोक उरला आणि नळी मिळेना, तर तो जवळपास तेवढ्याच वॅटच्या सरळ ट्यूबलाही चालवू शकतो. पट्टीवरची एका बाजूची जोडी ट्यूबच्या एका टोकाला आणि दुसरी जोडी दुसऱ्या टोकाला जोडावी, वायरी आखूड ठेवाव्यात आणि पट्टी बंद डबीत बसवावी.

फिलामेंट तुटलेल्या नळीच्या दोन खुंट्या वायरने जोडून तिला आणखी काही दिवस चालवण्याची युक्ती कारागिरांत प्रचलित आहे. ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुटलेले फिलामेंट म्हणजे दिवा थांबवण्याची खूण असते. ते ओलांडले की विजेची ज्योत उरलेल्या तुकड्यावर आणि वायरीवर धरते, टोकाची काच भलती तापते, प्लॅस्टिक करपते आणि नळीला तडा जातो.

दुरुस्त दिवा कुठे लावायचा हेही महत्त्वाचे. टोपी खाली आणि नळी वर असा, हवा खेळत्या जागी तो सर्वाधिक टिकतो, कारण नळीची उष्णता वर जाते आणि चोकला लागत नाही. कंडेन्सरच्या बाबतीत ढोबळ नियम असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. डिमरवर किंवा बंद काचेच्या गोळ्यात तो लावू नये. गोठा, ओसरी, देवघर, अभ्यासाचे टेबल अशा, एकदा लावला की काही तास चालणाऱ्या, जागा त्याच्यासाठी योग्य आहेत.

नळी फुटली किंवा संपली तर

एका नळीत साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. नंतरच्या चांगल्या दिव्यांत तो आणखी कमी आहे आणि युरोपात तीस वॅटपर्यंतच्या दिव्यांना २०१३ पासून अडीच मिलिग्रॅमची मर्यादा होती. तापाच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये याच्या शंभरपट किंवा अधिक पारा असे. त्यामुळे एक नळी फुटली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण निष्काळजीपणाही नको. पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर पाठवावे आणि दहा मिनिटे खोलीत जाऊ नये. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलावा, फरशी ओल्या कागदाने पुसावी आणि हे सगळे झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करावे. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. दोन्हींमुळे पावडर आणि वाफ घरभर पसरते.

आपल्या घरांतील बरेच सीएफएल त्या काळातले आहेत, जेव्हा २००९ च्या बचत लॅम्प योजनेखाली ते साध्या बल्बच्या किमतीत, पंधरा रुपयांना, मिळत होते. जानेवारी २०१५ मध्ये एलईडी बल्ब वाटपाची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडीने त्यांची जागा घेतली. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२२ मधील बाली परिषदेत, चोक अंगात असलेल्या तीस वॅटपर्यंतच्या सीएफएलचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ नंतर थांबवण्याचे ठरले. म्हणजे यापुढे नव्या नळ्या मिळणार नाहीत. ज्या चालू आहेत त्या जपून वापरायच्या आणि संपलेल्या नीट सोपवायच्या, एवढेच आपल्या हातात आहे.

संपलेली नळी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये, कारण पितळी टोपीसाठी तो ती फोडतो. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे समाविष्ट आहेत, म्हणून त्या अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्याव्यात. तोपर्यंत प्रत्येक नळी वर्तमानपत्रात गुंडाळून, टोके खाली करून, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवावी, खोक्यावर ‘पारा’ असे ठळक लिहावे आणि ते मुलांचा हात पोहोचणार नाही अशा, पण वरून काही पडणार नाही अशा जागी ठेवावे. माळ्यापेक्षा कपाटाचा बंद कप्पा बरा.